‘सिस्टर, जरा कसंतरी होतंय’

पहाटेचे तीन वाजले आहेत. मार्केट यार्डकडे भाजीपाल्याचे ट्रक वळू लागले आहेत. बिबवेवाडीतल्या एखाद्या रुग्णालयाच्या पुरुष शस्त्रक्रिया कक्षात रात्रपाळीची परिचारिका फेरी मारते आहे. फुटलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेला, पंचेचाळिशीचा एक कामगार जागाच आहे.

‘‘काय काका, झोप नाही का?’’

‘‘काही नाही सिस्टर, जरा कसंतरी होतंय.’’

‘‘दुखतंय का?’’

‘‘दुखत नाही तसं. कसंतरीच होतंय.’’

परिचारिका थांबते. ताप १००.८. नाडी १०८. वरचा रक्तदाब १०८; संध्याकाळी तो १२४ होता. रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के. मग नाडीवर बोटे तशीच ठेवून, रुग्णाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, ती घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. चोवीस.

हा प्रसंग कुण्या एका रुग्णालयातला नाही आणि कुण्या एका रुग्णाचाही नाही. पण ज्याने कक्षात रात्र काढली आहे, त्याला तो ओळखीचा वाटेल. आता पुढच्या दहा मिनिटांत ही परिचारिका काय करते, कोणाला सांगते, कोणत्या शब्दांत सांगते आणि समोरचा ते कसे ऐकतो, यावर या माणसाचे बरेच काही अवलंबून आहे. वैद्यकशास्त्राच्या प्रगतीच्या बातम्यांत या दहा मिनिटांना जागा मिळत नाही. रोबोटिक शस्त्रक्रियेला मिळते, नव्या औषधाला मिळते. रुग्ण वाचण्याचे किंवा हातचा जाण्याचे अनेक निर्णय मात्र इथे, एका खाटेच्या कडेला होतात.

वरचे आकडे पुन्हा पाहावेत. एकेकटा घेतला तर त्यातला एकही घाबरवणारा नाही. शस्त्रक्रियेनंतर थोडा ताप येतो. वेदनेने नाडी वाढते. १०८ रक्तदाब अनेकांचा नेहमीच असतो. ९५ टक्के ऑक्सिजन म्हणजे ठीकच. म्हणून प्रत्येक आकड्याला एकेक कारण चिकटवून पुढच्या खाटेकडे जाणे सोपे आहे. हेच आकडे एकत्र ठेवले की चित्र बदलते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२मध्ये रुग्णाची तब्येत ढासळत असल्याची लवकर चाहूल लागावी म्हणून एक गुणपद्धती तयार केली आणि २०१७मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजनचे प्रमाण, रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन द्यावा लागतो आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. आपल्या रुग्णाच्या श्वासाला दोन गुण. ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी आणि ताप यांना प्रत्येकी एक. बेरीज सहा. पाच किंवा त्याहून जास्त बेरीज आली, तर डॉक्टरने तातडीने येऊन पाहावे, असा या पद्धतीचा नियम आहे. सात किंवा त्याहून जास्त आली, तर ती आणीबाणीच.

म्हणजे ‘कसंतरी होतंय’ या दोन शब्दांत रुग्णाने जे सांगितले, तेच आकड्यांच्या बेरजेने सांगितले. पोटातला संसर्ग रक्तात पसरू लागला की शरीरात आम्ल साठते आणि ते बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढतो. रक्तदाब मात्र शरीर बराच काळ सांभाळून धरते. रक्तवाहिन्या आकसतात, हृदय जोरात धावते. तो कोसळतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून श्वासाची गती ही सर्वांत आधी बोलणारी खूण आहे. आणि कक्षातल्या तक्त्यावर सर्वांत कमी मोजली जाणारी खूणही तीच. ताप, नाडी, रक्तदाब यांसाठी यंत्रे आली. श्वास मोजायला अजून माणसाला मिनिटभर उभे राहावे लागते. मग कित्येक तक्त्यांवर सगळ्या रुग्णांचा श्वास दिवसरात्र १८ किंवा २० असतो. तरुण कामगाराचाही तोच आणि दम्याच्या आजीचाही तोच. असा तक्ता पाहिला की समजावे, श्वास मोजलेला नाही, लिहिलेला आहे.

परिचारिकेने मिनिटभर थांबून श्वास मोजला, हा तिचा पहिला वैद्यकीय निर्णय. मोजण्याआधीच तिला काहीतरी खटकले होते, म्हणून ती थांबली. अमेरिकी परिचर्यातज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४च्या आपल्या ग्रंथात नवशिकी परिचारिका निष्णात कशी होते, याच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी नियमांच्या आधाराने चालते. निष्णात परिचारिकेला चित्र एकदम दिसते आणि कारणे ती नंतर शोधते. ख्रिस्टीन टॅनर यांनी २००६मध्ये या निर्णयप्रक्रियेचे चार टप्पे सांगितले: खटकणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि नंतर स्वतःच्या कृतीकडे मागे वळून पाहणे. आपल्याकडे कक्षात मुरलेल्या सिस्टर ‘हा पेशंट मला बरा वाटत नाही’ एवढेच म्हणतात, तेव्हा पहिला टप्पा पार पडलेला असतो. त्याला ‘सिस्टर उगाच घाबरतात’ म्हणणारा डॉक्टर उरलेले तीन टप्पे बंद करून टाकतो.

हे सगळे केवळ संकटाच्या वेळी घडते असे नाही. साधा सकाळचा प्रसंग घ्यावा. मधुमेही आजींना साडेसातला इन्सुलिन द्यायचे, असे केसपेपरवर लिहिलेले आहे. पण आजींना पहाटेपासून दोनदा उलटी झाली आहे आणि नाश्त्याची गाडी अजून आलेली नाही. ‘ऑर्डर आहे’ म्हणून इन्सुलिन टोचले, तर तासाभरात आजी घामाने चिंब होऊन बेशुद्ध पडू शकतात. समजदार परिचारिका आधी बोटातून साखर तपासते, इंजेक्शन थांबवते आणि डॉक्टरांना कळवते. यातला ‘कळवते’ हा शब्द महत्त्वाचा. न कळवता थांबवणे ही चूक आणि न विचार करता देणे हीसुद्धा चूक. निर्णय आणि संवाद या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकीशिवाय दुसरी लंगडी पडते.

आता भाषेकडे यावे. बिबवेवाडीत कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे रुग्णालय आहे. १९४८च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या योजनेत कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. म्हणजे कामगाराने या खाटेचे पैसे आधीच, दरमहा, भरलेले असतात. बिबवेवाडी, अप्पर इंदिरानगर, मार्केट यार्ड या पट्ट्यातला रुग्ण कुठल्याही रुग्णालयात गेला, तरी आपापली बोली घेऊन जातो. कुणी सोलापूरकडचा, कुणी मराठवाड्यातला, कुणी घरी कानडी किंवा हिंदी बोलणारा. आणि दुखणे सांगण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक भरते, मुरडा येतो, आग होते, टोचते, भरून येते, कणकण वाटते, गरगरते, ढवळते, जीव घाबरा होतो. यातला प्रत्येक शब्द वेगळे काही सांगतो. ‘छातीत दुखतंय’ आणि ‘छातीत भरून आलंय’ यात फरक आहे. दुसरे वाक्य हृदयविकाराच्या झटक्यात नेहमी ऐकू येते, आणि ‘दुखत नाही’ असे तोच रुग्ण शपथेवर सांगतो. ‘जीव घाबरा होतोय’ म्हणणाऱ्याची साखर उतरलेली असू शकते, आतून रक्तस्राव होत असू शकतो, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. ‘घाबरू नका’ हे त्याचे उत्तर नव्हे. आधी नाडी, श्वास, रक्तदाब आणि साखर पाहावी, धीर नंतर द्यावा.

पण ही सगळी श्रीमंती केसपेपरवर पोहोचत नाही. रुग्ण मराठीत सांगतो, परिचारिका मराठीत ऐकते आणि लिहिताना इंग्रजीचा एकच बेरंगी शब्द उरतो: ‘अनइझी’. सकाळी राऊंडला आलेला डॉक्टर तो शब्द वाचतो आणि पान उलटतो. मधल्या मध्ये रुग्णाचे म्हणणे हरवले. परिचारिकेने आकडे आणि औषधे ठरल्या पद्धतीने इंग्रजीत लिहावीत, पण रुग्णाचे शब्द अवतरणचिन्हांत, देवनागरीत, जसेच्या तसे लिहावेत. ‘छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं’ हे वाक्य वाचून कोणताही डॉक्टर पान उलटणार नाही. यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. रुग्णालयाने ‘असे लिहिलेले चालेल’ एवढे सांगायचे आहे.

विचारण्याचीही एक रीत असते. ‘बरं आहे ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले आहे. त्यावर मराठी माणूस ‘हो, बरं आहे’ असेच म्हणणार. सिस्टरला कशाला त्रास द्यायचा! फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात नेमके हेच बजावले होते. रुग्णाला रात्र चांगली गेली का, असे विचारून काही कळत नाही, कारण प्रत्येकाची चांगली रात्र वेगळी. किती तास झोप लागली, केव्हा जाग आली, हे विचारावे. भारतातल्या आरोग्याच्या प्रश्नांवर याच नाइटिंगेलबाईंचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता. पुढे १९०९मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानडे यांनी घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकण्यासाठी धाडले. परक्या पुरुषांची शुश्रूषा करणे हे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. त्या बायकांनी टीका सोसून हा व्यवसाय पुण्यात रुजवला. तेव्हा परिचारिकेचे निरीक्षण ही काही कालपरवाची परदेशी टूम नाही. या शहरात ती शतकाहून जुनी आहे.

नाइटिंगेलचा सल्ला आजच्या कक्षात असा वापरता येईल. ‘बरं आहे ना?’ऐवजी ‘कालच्यापेक्षा आज कसं वाटतंय?’ ‘लघवी झाली ना?’ऐवजी ‘शेवटची लघवी किती वाजता झाली?’ ‘दुखत नाही ना?’ऐवजी ‘कूस वळताना दुखतं का, खोकताना दुखतं का?’ प्रश्न बदलला की उत्तर बदलते, आणि उत्तर बदलले की कधी कधी निदान बदलते.

रुग्णाला सूचना देतानाही हाच घोळ होतो. ‘उद्या ऑपरेशन आहे, रात्री बारानंतर उपाशी राहा.’ सूचना स्पष्ट वाटते. पण महाराष्ट्रात उपाशी राहणे आणि उपवास करणे यातली सीमा धूसर आहे. चहा म्हणजे खाणे नव्हे, असे मानणारे निम्मे घर असते. एखाद्या आजी चतुर्थीला सवयीने साबुदाण्याची वाटी तोंडाला लावतात. तंबाखूची चिमूट तर कुणाच्या हिशेबातच नसते. पोटात काही असताना भूल दिली, तर ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्यातून जिवावर बेतते. म्हणून ‘उपाशी राहा’ न म्हणता ‘काय काय चालणार नाही’ ते एकेक नाव घेऊन सांगावे: भात-भाकरी नाही, बिस्किट नाही, चहा नाही, साबुदाणा नाही, तंबाखू नाही, पाण्याचा शेवटचा घोट किती वाजता, तेही सांगावे. आणि मग ‘समजलं ना?’ असे विचारून निघून जाऊ नये. ‘मावशी, रात्री तहान लागली तर काय करणार, सांगा बघू?’ असे विचारावे. उत्तरात चूक निघाली, तर ती सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नव्हे. इन्सुलिन कसे टोचायचे, गोळी अनशापोटी घ्यायची की जेवून, टाके भिजवायचे की नाही, घरी सोडताना प्रत्येक वेळी ही परतफेड मागावी. एका रुग्णामागे दोन मिनिटे जातात, हे खरे. तोच रुग्ण चिघळलेली जखम घेऊन आठवड्याने परत आला, तर दोन मिनिटांत भागत नाही.

आता पुन्हा त्या पहाटेकडे. परिचारिकेने फोन उचलला आहे. दुसऱ्या टोकाला छत्तीस तास ड्युटी करून नुकता आडवा झालेला निवासी डॉक्टर आहे. संवाद असा होऊ शकतो:

‘‘सर, बारा नंबरच्या पेशंटला जरा बरं वाटत नाहीये.’’ ‘‘काय होतंय?’’ ‘‘कसंतरी होतंय म्हणतो. ताप आहे थोडा.’’ ‘‘पॅरासिटामॉल द्या. सकाळी बघतो.’’

आणि असाही होऊ शकतो:

‘‘सर, पुरुष शस्त्रक्रिया कक्ष, खाट बारा. पेशंट बिघडतोय, म्हणून फोन केला. फुटलेलं अपेंडिक्स, शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस. संध्याकाळी श्वास अठरा होता, आता चोवीस. नाडी एकशे आठ, वरचं बीपी एकशे चोवीसवरून एकशे आठ, ताप शंभर पूर्णांक आठ. गुण सहा. मला संसर्ग पसरल्याची शंका येते. तुम्ही आत्ता येऊन पाहावं. तोवर काय सुरू करू?’’

दुसऱ्या फोनला अर्धे मिनिट लागते, आणि हा फोन ऐकून परत झोपणे कठीण असते. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि अपेक्षा अशी ही चार भागांची बोलण्याची शिस्त अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून आली आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या रुग्णालयांनी ती उचलली. पाणबुडीतल्या कनिष्ठ खलाशाला वरिष्ठाशी थोडक्यात आणि न कचरता बोलता यावे, हा तिचा हेतू. आपल्या कक्षांत याची गरज अधिक आहे. कारण इथे पद, शिक्षण, अनेकदा स्त्री-पुरुष भेद आणि कधी जातही फोनच्या तारेत आडवी येते. ‘सर रागावतील’ या दोन अक्षरी-पाच अक्षरी शब्दांनी किती रुग्णांचा वेळ खाल्ला असेल, त्याची मोजदाद कुठल्याच तक्त्यावर नाही.

फोनवरच्या उत्तरातही धोका असतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत एका अक्षराचा फरक आहे आणि रात्री फोनवर तो ऐकू येत नाही. इंग्रजीतले ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ही तसेच. इन्सुलिनच्या सात युनिटऐवजी साठ गेली, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. म्हणून तोंडी सूचना परिचारिकेने लिहून घ्यावी आणि आकडा सुटा सुटा करून परत वाचून दाखवावी: ‘सहा-शून्य नाही ना सर, फक्त सात?’ यात डॉक्टरचा अपमान नाही. खाटेजवळ न येता दिलेली सूचना म्हणजे तशीही उंटावरून शेळ्या हाकणेच. निदान हाक तरी नीट ऐकू गेली पाहिजे.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते खोडसाळ नाहीत. पहिला असा की, प्रत्येक वेळी परिचारिकेच्या शंकेवर डॉक्टर धावू लागला, तर तो दमून जाईल आणि खऱ्या हाकेकडेही दुर्लक्ष करील. हे खरे आहे. लांडगा आला रे आला ही गोष्ट रुग्णालयातही घडते. पण त्यावर उपाय हाका बंद करणे हा नाही. गुणपद्धती असतेच ती यासाठी, की हाक कोणत्या पायरीवर मारायची ते दोघांनी आधी ठरवलेले असते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९०मध्ये संकटापूर्वीच धावून जाणारे तातडीचे पथक सुरू झाले. अशा पथकांना बोलावण्याच्या निकषांत आकड्यांबरोबर ‘कर्मचाऱ्याला काळजी वाटते’ हाही निकष अनेक ठिकाणी लिहिलेला असतो. तिथे परिचारिकेला काळजी सिद्ध करावी लागत नाही. दहा हाकांतल्या काही फुकट जातील. वाया गेलेली फेरी परवडते. न मारलेली फेरी परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा की, निदान करणे हे परिचारिकेचे काम नाही. बरोबर आहे, आणि कोणी तशी मागणीही केलेली नाही. पण रुग्ण बिघडतो आहे हे ओळखणे म्हणजे रोगाचे निदान नव्हे. डॉक्टर दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे रुग्ण पाहतो. परिचारिका पाळी बदलून का होईना, चोवीस तास पाहते. कालच्या आणि आजच्या रुग्णातला फरक तिला दिसणार, हे उघड आहे. तो फरक सांगण्याचा हक्क तिला नाकारणे म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधणे. नातेवाइकांचेही तसेच. ‘आमचे बाबा असे कधी बोलत नाहीत’ असे मुलगी सांगते, तेव्हा रुग्णाच्या मेंदूतल्या गोंधळाची ती पहिली नोंद असते. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांच्या मार्था मिल्सचा २०२१मध्ये रुग्णालयात मृत्यू झाला. तिच्या पालकांची काळजी वेळेत ऐकली गेली नव्हती. त्यानंतर २०२४पासून तिथे तिच्या नावाचा नियम लागू होऊ लागला. उपचार करणाऱ्यांनी ऐकले नाही, तर रुग्ण, नातेवाईक किंवा कर्मचारी दुसऱ्या पथकाला थेट बोलावू शकतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो परिचारिकाच घेतात: वेळ कुठे आहे? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी रुग्णालयाच्या कक्षात रात्री एकदा चक्कर मारली, तर हे प्रमाण कागदावरच राहते हे कुणालाही दिसेल. जमिनीवर गादी घालून ठेवलेले रुग्ण तर या हिशेबात धरलेलेच नसतात. युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. परिचारिकेवरचा भार एका रुग्णाने वाढला की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. म्हणजे परिचारिकांची रिकामी पदे ही आस्थापना विभागाची बाब नाही, ती रुग्णाच्या जिवाची बाब आहे. त्यात जी माणसे आहेत, त्यांनाही इंडेंट, औषधांचा हिशेब, ऑनलाइन नोंदी आणि अहवालांचा पाठलाग करायचा असतो. अशांच्या हाती गुणपद्धतीचा आणखी एक तक्ता देणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तक्ता द्यायचा असेल, तर आधी दुसरे काही काढून घ्यावे लागेल. लिपिकाचे काम लिपिकाने करावे.

भरतीच्या पद्धतीचाही इथे संबंध आहे. मे २०२२मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा चर्चा पगाराची आणि सेवाशर्तींची झाली. पण ज्या परिचारिकेचे कंत्राट अकरा महिन्यांचे आहे, ती रात्री तीन वाजता वरिष्ठाला ‘सर, तुम्ही यायलाच हवं’ असे किती ठामपणे म्हणेल? नोकरीची शाश्वती आणि रुग्णाची सुरक्षितता यांचे नाते इतके सरळ आहे. संसदेने २०२३मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा करून १९४७चा जुना कायदा बदलला. शिक्षण आणि नोंदणीची चौकट त्याने सुधारेल अशी आशा आहे. कक्षातली बोलण्याची मुभा मात्र कायद्याने येत नाही; ती विभागप्रमुख आणि अधिसेविका यांच्या वागण्यातून येते.

परिचर्येतला निर्णय आणि संवाद कुठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रासमोर बेचाळीस वर्षे होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या खाटेवर होत्या. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला, त्याआधी तीन डॉक्टरांच्या पथकाने त्यांना तपासले. अंथरुणाला खिळून सदतीस वर्षे झालेल्या त्या शरीरावर त्यांना शय्याव्रण आढळला नाही. ज्याने एका महिन्यात माकडहाडापाशी पडलेली जखम पाहिली आहे, त्याला याचा अर्थ कळेल. दर दोन तासांनी कूस बदलणे, बोटाने दाबून लाली जाते की राहते हे पाहणे, चादरीची सुरकुती काढणे, अंग कोरडे ठेवणे, आणि हे एका पाळीने दुसरीला न चुकता सांगणे. अरुणाताई बोलू शकत नव्हत्या. तरी कोणता घास त्यांना आवडतो आणि कोणता नको आहे, हे परिचारिका त्यांच्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून ओळखत. त्यांना जगवावे की नाही यावर देशभर वाद झाला. न्यायालयाने मात्र त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण त्यांना ओळखणारे तेच होते. पिढ्या बदलल्या, निवृत्त झाल्या, नव्या आल्या. पाळी बदलताना होणारा निरोप तुटला नाही.

तेवढी शिस्त एका रुग्णाबाबत जमली, तर ती रोजच्या कक्षात आणण्यासाठी काय करावे लागेल, याची यादी मोठी नाही. श्वास मोजूनच लिहावा. रुग्णाचे शब्द मराठीत नोंदवावेत. पाळी बदलताना दोन्ही परिचारिकांनी टेबलाशी न बसता खाटेपाशी उभे राहून, रुग्णाच्या देखत निरोप द्यावा-घ्यावा. सकाळच्या राऊंडला डॉक्टरने पहिला प्रश्न परिचारिकेला विचारावा: ‘‘सिस्टर, आज कुणाची काळजी वाटते?’’ डॉक्टर बोलावूनही आला नाही, तर कोणाला फोन करायचा, तो क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा आणि तो फिरवणाऱ्या परिचारिकेला दुसऱ्या दिवशी कुणी जाब विचारू नये. वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना निदान काही तास एकत्र बसवून हा फोन कसा करायचा आणि कसा ऐकायचा, याचा सराव द्यावा. आज दोघे वेगवेगळ्या इमारतींत शिकतात आणि पहिल्यांदा भेटतात ते थेट रात्री तीन वाजता.

नातेवाइकांसाठी एवढेच, की सिस्टरला रुग्णाचा बदल सांगताना ‘बघा ना जरा’ म्हणू नये. केव्हापासून, काय बदलले आणि आधी कसे होते, या तीन गोष्टी सांगाव्यात. आणि दूर खाटेवरच्या दुसऱ्या रुग्णाचा श्वास मोजणाऱ्या परिचारिकेला त्या मिनिटात हाक मारू नये. ती घड्याळाकडे पाहत नुसती उभी आहे असे वाटते, तेव्हा ती मोजत असते.